बटण दाबलं जातं, पण बुकिंग होत नाही : धंद्याची साईट प्रत्येक फोनवर, प्रत्येक ब्राउझरवर कशी चालवायची?

तापीकाठ (जळगाव), रविवार, रात्री १०:५०

मंडळी, मी जळगावात छोट्या धंद्यांच्या वेबसाईट करून देतो. नर्सरी, डाळमिल, सराफ, पाइपवाले, एखादं मंगल कार्यालय. गेल्या महिन्यात जे झालं ते सविस्तर लिहितोय. चूक माझी होती, आणि तीच चूक आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या साईटवर आत्ता या क्षणी बसलेली असेल अशी मला भीती आहे.

एका टिश्यू कल्चर नर्सरीसाठी केळीच्या रोपांच्या बुकिंगचा फॉर्म केला होता. मृगबागेची लागवड जूनमध्ये होते, पण रोपं कितीतरी आधी सांगून ठेवावी लागतात. म्हणजे तो फॉर्म हाच त्या साईटचा जीव. शेतकऱ्याने एकर टाकायचे, अंतर निवडायचं, की रोपांची संख्या आपोआप येते. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२, सहा बाय पाचवर १४५२. मग नाव, गाव, मोबाईल आणि 'बुक करा'. माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये चाललं, माझ्या अँड्रॉइडवर चाललं, नर्सरीच्या मालकांच्या फोनवर चाललं. काम झालं म्हणून बिल पाठवलं.

तीन आठवड्यांनी रावेर तालुक्यातले एक शेतकरी एसटीने थेट नर्सरीत आले. म्हणाले, "चार दिवस झाले बटण दाबतोय, काहीच होत नाही. म्हटलं नर्सरी बंद पडली की काय, बघून तरी येऊ." त्यांच्या हातात आयफोन ७. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याने नवा घेतला आणि जुना वडिलांना दिला. असे फोन आपल्याकडे गावोगाव आहेत.

मी गेलो. फोन हातात घेतला. पान सुरेख दिसत होतं. फोटो, माहिती, सगळं जागच्या जागी. बटण दाबलं की मात्र शांत. लाल अक्षरं नाहीत, फिरणारं चक्र नाही. मी सांगितलं, "दादा, यात क्रोम टाकू." क्रोम टाकलं. तेच.

रात्री बसून शोधलं. आयफोनवर क्रोम टाका, फायरफॉक्स टाका, एज टाका, आतलं इंजिन (पान वाचून उभं करणारा भाग) अ‍ॅपलचं वेबकिटच असतं. अ‍ॅपलचा तसा नियमच आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघापुरती सूट मिळाली, आपल्याकडे नाही. म्हणजे मी त्यांना क्रोम टाकायला लावलं ते फक्त वरचं कव्हर बदलल्यासारखं होतं. त्यातून आयफोन ७ हा आयओएस (आयफोनची प्रणाली) १५ वर थांबतो, पुढची मोठी आवृत्ती त्याला मिळत नाही.

मूळ दोष माझ्या कोडमध्ये होता. मोबाईल नंबर तपासायला मी एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा तपासणारं सूत्र) कुठूनतरी उचलून टाकलं होतं, त्यात 'लुकबिहाइंड' (आधी कोणतं अक्षर आहे ते मागे वळून बघणारी खूण) होतं. क्रोमला ते २०१७ पासून कळतं. सफारीला, म्हणजे आयफोनच्या मूळ ब्राउझरला, कळायला लागलं मार्च २०२३ मध्ये, १६.४ या आवृत्तीत, जी आयओएस १६.४ बरोबरच येते. आणि खरी गोम पुढे आहे. जावास्क्रिप्टच्या (पानावरचे हिशोब, बटणं चालवणाऱ्या कोडच्या) फाईलमध्ये न कळणारी एक ओळ असली की ब्राउझर ती ओळ सोडून पुढे जात नाही, अख्खी फाईलच टाकून देतो. त्यामुळे एका नंबर तपासणीपायी रोपांचं गणितही मेलं आणि बटणही. ते बटण मी खऱ्या फॉर्मचं ठेवलंच नव्हतं, सगळं जावास्क्रिप्टवर लटकवलेलं.

एक जण एसटीने आला म्हणून कळलं. बाकीचे दुसऱ्या नर्सरीत गेले असतील. त्या मालकांनी मला एक शब्दही ऐकवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तुमच्याकडे कुठल्या फोनवर, कुठल्या ब्राउझरवर काय अडतं ते लिहा.

---

गोलाणीतला (जळगाव), रविवार, रात्री ११:३५

तापीकाठ भाऊ, उघडपणे लिहिलंत, बरं वाटलं.

मी गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फोनचं तुम्ही सांगितलं, मी काउंटरवरच्या डब्यांचं सांगतो. दुकानांत, आडतीवर अजून विंडोज ७ ची मशिनं धडधडीत चालू आहेत. त्यांवर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली तिला विंडोज १० लागतं. वरून बघितलं तर तोच गोल रंगीत चिन्ह असलेला क्रोम, त्यामुळे मालकाला वाटतं आपला ब्राउझर ठीक आहे.

आता तुमच्यातले नवे डेव्हलपर सीएसएस (पानाचं रूप ठरवणारं कोड) एकात एक घालून लिहितात, नेस्टिंग म्हणतात ते. क्रोमला ते ११२ पासून समजतं. १०९ वर त्या साईटचं रूप एकदम उघडंबोडकं होतं, सगळे मजकूर एकाखाली एक. मालक मला फोन करतो की 'व्हायरस आला'.

आणि त्यांना 'नवा कॉम्प्युटर घ्या' सांगून भागत नाही. त्याच डब्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याला जुना प्रिंटर जोडलेला आहे, त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही. काटा, प्रिंटर आणि कॉम्प्युटर हे तिघं एकमेकांना बांधलेले असतात.

---

पांझरा (धुळे), सोमवार, सकाळी ८:१०

माझं मत वेगळं आहे. आज जवळपास सगळे जण क्रोमच वापरतात. एज २०२० पासून क्रोमियमवर (क्रोमच्याच मूळ इंजिनवर) आहे, ऑपेरा त्याच्याही आधीपासून, सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझरही तोच. म्हणजे एकदा क्रोमवर चाललं की काम झालं. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला. पूर्वी त्याच्यापायी आम्ही एकेक साईट दोनदोनदा बनवली आहे. आता पुन्हा जुन्या फोनांसाठी तेच करायचं? बारा हजारांत साईट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढी तपासणी कशी परवडणार?

---

तापीकाठ, सोमवार, सकाळी ९:४०

पांझरा दादा, दोन गोष्टी.

पहिली, 'क्रोम' हे एक नाव आहे, एक वस्तू नाही. आयफोनवरचा क्रोम वेगळा, विंडोज ७ वरचा १०९ वेगळा, अँड्रॉइड ६ वरचा १०६ वर अडकलेला वेगळा. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिंक दाबली तर ती त्या अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, तो आणखी वेगळा. आपल्या गिऱ्हाइकांच्या जाहिराती तिथेच चालतात ना.

दुसरी, खर्चाची. मी दोनदा साईट बनवा असं म्हणतच नाही. उलट मला जास्त काम पडलं कारण मी सोपं ते अवघड करून ठेवलं होतं. साधा एचटीएमएल फॉर्म, खरं सबमिट बटण, नंबर तपासायचा तो सर्व्हरवर. एवढं असलं की जावास्क्रिप्ट मेलं तरी बुकिंग पोहोचतं. रोपांचा हिशोब आपोआप दिसला तर उत्तम, नाही दिसला तर शेतकरी एकर लिहील, हिशोब नर्सरीवाले करतील. त्यांना तो तोंडपाठ आहे.

सगळ्या फोनांवर साईट एकसारखी दिसावी हा हट्टच मी सोडलाय. गोल कोपरे चौकोनी झाले तर कुणाचं बिघडत नाही. बुकिंग गेलं तर हंगाम जातो.

---

भरीतपुरी (भुसावळ), सोमवार, दुपारी १:०५

मी तुमच्यातला नाही, माझी डाळमिल आहे. लुकबिहाइंड वगैरे डोक्यावरून गेलं. पण मागच्या वर्षी साईट करून घेतली, आणि हा धागा वाचून पोटात गोळा आलाय. मी ज्याच्याकडून साईट केली त्याला नेमकं विचारू काय? तो म्हणेल 'काका, सगळीकडे चालते'.

---

तापीकाठ, सोमवार, दुपारी २:२०

काका, त्याला काही विचारू नका, आधी स्वतः बघा. मिलमधल्या हमालापासून मुनीमजींपर्यंत सगळ्यांचे फोन एकदा मागून घ्या. घरातला सर्वात जुना फोन घ्या, कुणा पाहुण्याचा आयफोन घ्या, ऑफिसातला कॉम्प्युटर घ्या. प्रत्येकावर एकच काम शेवटपर्यंत करा: चौकशीचा फॉर्म भरा आणि तो तुमच्याकडे पोहोचला का ते बघा. पान 'दिसतं' यावर थांबू नका. मी तिथेच फसलो.

फोन नंबरावर बोट ठेवल्यावर कॉल लागतो का बघा. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबल्यावर तुमच्याच नंबराशी गप्पा उघडतात का बघा. फोन आडवा करून बघा. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करून बघा, साठीतले व्यापारी तसंच वापरतात, आणि मोठ्या अक्षरात कितीतरी साईटची बटणं एकमेकांवर चढतात. मेनू बोटाने उघडतो का बघा. माउस नुसता वर नेला की उघडणारे मेनू कॉम्प्युटरवर ठीक, फोनवर माउसच नसतो.

जिथे अडेल तिथे फोनचं मॉडेल, ब्राउझर आणि काय दाबल्यावर काय झालं हे लिहून डेव्हलपरला द्या. 'साईट चालत नाही' एवढंच सांगितलं तर तो आपल्या लॅपटॉपवर उघडून 'चालते' म्हणणार, आणि त्याच्या जागी तो खरंच बोलत असतो.

---

शेवभाजी (चाळीसगाव), सोमवार, दुपारी ३:००

भाऊ, मना आयफोनमा तर तुमनी नर्सरीनं खालनं बटनच दिखस नही. पट्टीना मांगे दडेल शे.

---

तापीकाठ, सोमवार, दुपारी ३:२५

शेवभाजी भाऊ, उपकार झाले. हा माझाच दुसरा दोष. पानाची उंची १०० व्हीएच, म्हणजे पडद्याची पूर्ण उंची, दिली होती. आयफोनच्या सफारीत पत्त्याची पट्टी त्या उंचीत धरली जात नाही, म्हणून तळाचं बटण पट्टीमागे जातं. नव्या आवृत्त्यांत त्यासाठी डीव्हीएच हे पट्टी सोडून उरलेली उंची मोजणारं माप आहे, सफारीला १५.४ पासून कळतं. आधी जुनं माप लिहून त्याखाली नवं लिहिलं की ज्याला जे कळेल ते तो घेतो. आत्ताच बदललं, बघा बरं.

---

शेवभाजी, सोमवार, दुपारी ३:३१

आते दिखी राहनं.

---

दादरची भाकरी (धुळे), सोमवार, रात्री ९:१५

मी वीस वर्षं डीटीपी केलं, आता साईटचा मराठी मजकूर बसवून देते. तुमच्या चर्चेत मराठी अजून आलीच नाही म्हणून लिहिते.

शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांत टाइप केलेला मजकूर अजूनही लोक साईटवर चिकटवतात. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असतो म्हणून त्याला मराठी दिसतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक असलेल्या पद्धतीत. जुना असेल तर कन्व्हर्टरमधून काढा आणि मग डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात.

युनिकोड केलं म्हणजे संपलं असंही नाही. विंडोजवर मंगल फॉन्ट आला की 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. अ‍ॅपलवर वेगळे, अँड्रॉइडच्या नोटोवर वेगळे. सगळीकडे एकच रूप हवं असेल तर मुक्तसारखा मोफत फॉन्ट साईटबरोबरच पाठवा आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असते तो ती नोंद वाचून आपला 'ल' देतो. पण फॉन्टची फाईल जड असेल तर नंदुरबारच्या पुढे मजकूर उमटायलाच वेळ लागतो, तेव्हा फॉन्ट येईपर्यंत फोनमधला फॉन्ट दाखवायची सूचना द्यायला विसरू नका.

अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची फॅशन इंग्रजीतून येते. मराठीत तिने शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बटणाची उंची पक्की बांधलेली असली की 'किं', 'र्थी' यांच्या वरच्या मात्रा कापल्या जातात. हे मी रोज बघते.

आणि एक बारीक, पण शेतीच्या साईटवर फार नडणारी गोष्ट: 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडणारा वर्ण घातलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे शोधपट्टीत 'शेतकऱ्यांसाठी' टाकलं तर अर्धीच पानं सापडतात. मजकूर साठवतानाच एका रूपात आणा.

---

तापीकाठ, सोमवार, रात्री १०:०५

ताई, अर्ध्या र चं मला खरंच माहीत नव्हतं. आज रात्री डेटाबेस तपासतो.

अंकांचं मी सांगतो, कारण त्यातही मी आपटलोय. जावास्क्रिप्टला मराठी पद्धतीने आकडा छापायला सांगितलं की तो देवनागरीत छापतो, १,७४२ असा. हिंदीला सांगितलं तर इंग्रजी अंक येतात, हे आधी लक्षातच येत नाही. छापायला सुंदर. पण मी तोच छापलेला आकडा परत वाचून एकरांशी गुणत होतो. त्याला देवनागरी अंक म्हणजे आकडा वाटतच नाही, त्यामुळे एकूण रोपांच्या जागी 'एनएएन' ('हा आकडा नाही') आलं. तसंच मराठी कीबोर्डवरून कुणी एकराच्या रकान्यात ५ देवनागरीत टाकला, तर फक्त इंग्रजी अंक घेणारा रकाना तो नाकारतो किंवा रिकामा समजतो. आता मी साधा मजकुराचा रकाना ठेवतो, फोनला सांगतो की आकड्यांचा कीपॅड दाखव, आणि आलेले अंक सर्व्हरवर इंग्रजीत बदलून घेतो. शेतकऱ्याने मराठीत लिहिलं ही त्याची चूक कशी म्हणायची?

रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका. आयफोन अशा रकान्यावर बोट ठेवताच पान मोठं करतो आणि लोक गोंधळतात.

---

सातपुड्याच्या कुशीत (धडगाव), मंगळवार, सकाळी ७:३०

तुम्ही आयफोनचं बोलताय, आमच्याकडचं ऐका. इथे कीपॅडवाले जिओफोन अजून आहेत. २०१७ मध्ये आले ते, कायओएस या प्रणालीवर चालतात. आतला ब्राउझर जुन्या फायरफॉक्सच्या काळातला, पडदा २४० पिक्सेल रुंद, आणि बोट लावून काही होत नाही, चार बाणांच्या बटणांनी पुढे सरकायचं. सीएसएस ग्रिड (पानाची मांडणी रकान्यांत करायची नवी पद्धत) त्याला कळत नाही. बाण दाबत दाबत फॉर्मपर्यंत पोहोचायला अख्खं पान ओलांडावं लागतं.

त्यात नेटवर्क. डोंगराच्या या बाजूला एक दांडी, त्या बाजूला तीही नाही. साईटच्या माथ्यावर चार मोठे फोटो आपोआप सरकत असतात, ते उतरेपर्यंत माणूस कंटाळून फोन खिशात टाकतो.

अजून एक अडचण सांगतो, तिचं कारण मला कळत नाही. माझ्या काकांच्या जुन्या अँड्रॉइड ६ वर काही साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. त्याच साईट माझ्या फोनवर बिनबोभाट उघडतात. काका म्हणतात साईट चोरांची आहे.

---

गोलाणीतला, मंगळवार, सकाळी ९:००

ते सर्टिफिकेटचं आहे, म्हणजे साईट खरंच तीच आहे याच्या दाखल्याचं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट बहुतेक छोट्या साईट वापरतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यांचं मूळ सर्टिफिकेट, ज्यावर फोनने आधीपासून विश्वास ठेवायचा असतो ते, अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनांत नाही. बरीच वर्षं एका जुन्या मूळ सर्टिफिकेटचा आधार देऊन त्यांनी निभावलं, तो आधार सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. म्हणून काकांच्या फोनवर इशारा येतो. आधी फोनची तारीख बरोबर आहे ना तेही बघा, बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली तरी हाच इशारा येतो.

साईटवाल्याने ठरवावं. गिऱ्हाइकांत असे फोन खरंच असतील तर ज्याचं मूळ जुन्या फोनांत आहे असं दुसरं सर्टिफिकेट घ्यावं.

---

पांझरा, मंगळवार, सकाळी ११:४५

काल मी जरा घाईत लिहिलं. काल संध्याकाळी माझ्याच एका गिऱ्हाइकाचं बघितलं, मिरचीचा व्यापार आहे. आगाऊ रकमेसाठी यूपीआयचं बटण दिलं होतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये दाबलं की अ‍ॅपांची यादी येते, छान. फेसबुकमधून उघडलं तर 'अनोळखी पत्ता' असा दोष येतो. आयफोनवर कुठलं तरी एकच अ‍ॅप उघडतं, ते आपण वापरत असू वा नसू. आणि कॉम्प्युटरवर काहीच नाही, कारण तिथे यूपीआयचं अ‍ॅपच नसतं. सहा महिने ते बटण असंच होतं.

आता बटणाबरोबर क्यूआर कोड ठेवलाय आणि त्याखाली यूपीआय आयडी साध्या अक्षरांत, बोटाने उचलता येईल असा.

तपासायचं कसं ते सांगा. सफारी चालणारा मॅक कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नाही.

---

तापीकाठ, मंगळवार, दुपारी १२:३०

दादा, तुम्ही परत आलात आणि लिहिलंत, याचं मोल आहे.

मॅकशिवाय बरंच होतं. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट मोफत आहे, ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्हींवर तुमचा फॉर्म आपोआप भरून बघतं. लिनक्स असेल तर 'गनोम वेब' हा ब्राउझर टाका, त्यात वेबकिट आहे, सफारीच्या बऱ्याच खोड्या तिथेच दिसतात. खरे फोन दुरून वापरायचे तर ब्राउझरस्टॅक आहे, २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी, पैसे लागतात पण काम मोठं असेल तर घ्यावं. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडला की क्रोममधून त्यावरचे दोष ओळीनिशी वाचता येतात. एखादी नवी सोय वापरण्याआधी 'कॅन आय यूज' या साईटवर ती कुठल्या आवृत्तीपासून चालते ते बघायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट मी वाचवलं आणि रावेरच्या दादांना एसटीने यावं लागलं.

आणखी एक मी आता प्रत्येक साईटवर करतो. ब्राउझरमध्ये दोष आला की त्याचा छोटा निरोप सर्व्हरवर येतो: कुठला ब्राउझर, कुठली ओळ. हा निरोप पाठवणारा तुकडा वेगळा आणि अगदी जुन्या पद्धतीच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा, म्हणजे मोठी फाईल मेली तरी तो जिवंत राहतो.

---

बोरीकाठ (अमळनेर), मंगळवार, रात्री ८:५०

अमळनेरहून नमस्कार. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आमच्या गावात तेलाच्या कारखान्यापासून झाली हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण गावातल्या दुकानाची साईट गावातल्याच फोनवर उघडत नाही हे बघून वाईट वाटतं.

माझ्या कपाटात पाच जुने फोन पडून आहेत. एक आयफोन ६एस, दोन जुने सॅमसंग, एक जिओफोन, एक फुटक्या काचेचा पण चालू. ज्याला तपासायला हवेत त्याने घेऊन जा, काम झालं की पुढच्याला द्या.

---

गोलाणीतला, मंगळवार, रात्री ९:२०

माझ्या दुकानात ठेवा. विंडोज ७ चा एक डबा मी देतो. रविवारी दुपारी गर्दी नसते, या आणि बसून तपासा. चार्जर माझे.

---

भरीतपुरी, बुधवार, सकाळी १०:१०

मुनीमजींच्या फोनवर फॉर्म भरला, पोहोचला. हमाल पोराच्या फोनवर पोहोचला नाही. मॉडेल आणि आवृत्ती कागदावर लिहून डेव्हलपरला दिली. तो पोरगा चांगला आहे, म्हणाला काका हे बरं केलं, रविवारी मीही गोलाणीत येतो.

---

तापीकाठ, शुक्रवार, सायंकाळी ६:४५

फॉर्म पुन्हा लिहिला. जावास्क्रिप्ट पूर्ण बंद करून तपासला, बोरीकाठांच्या आयफोन ६एस वर तपासला, जिओफोनवर बाण दाबत शेवटपर्यंत गेलो. डेटाबेसमधले अर्धे र सगळे एका रूपात आणले, ताई. माथ्यावरचे सरकते फोटो काढून एकच ठेवला, तोही लहान करून.

मग रावेरच्या दादांना फोन केला आणि केळीच्या पुढच्या हंगामासाठी, कांदेबागेसाठी, रोपं हवी असतील तर साईटवरून करून बघाल का विचारलं. तासाभराने नर्सरीत नोंद आली. ८ एकर, सहा बाय पाच, ११,६१६ रोपं. फोन तोच.